पाणी कुठलं?

पाणवठ्यावर कुणी नवीन आलं की आम्ही त्याचं नाव नंतर विचारायचो. आधी विचारायचो, पाणी कुठलं? बोअरचं, विहिरीचं, टँकरचं की नळाचं? नळाचं असेल तर कुठल्या योजनेचं?

माणसं वैतागायची. "अहो, माझं मशीन लाल दिवा दाखवतंय आणि तुम्ही पाणी काय विचारता!" असं लिहायची. मग आमच्यातला हनीफ मुलाणी त्यांना लिहायचा, "पावनं, आधी पाणी सांगा, मग दिव्याचं बघू. लगीन जमवायचं असतं तरी आधी गाव विचारलंच असतं की."

पाणवठा म्हणजे नदीकाठचा नव्हे. मोबाईलवर उघडायची ती जागा होती. माझ्या मुलाने, इंद्रजितने, ती बांधली होती आणि आमच्या बार्शीच्या घरात, कपाटावर ठेवलेल्या डब्याएवढ्या यंत्रातून ती चालायची. बार्शीत लाईट गेली की पाणवठा बंद. मग हनीफ मला फोन करायचा, "छबूमावशी, तुमच्या पोराला सांगा, पाणवठ्याला कुलूप लागलंय."

तिथे येणाऱ्या सगळ्यांच्या घरात एक झारी होती. झारी हे इंद्रजितच्या मशीनचं नाव.

इंद्रजितच्या वडिलांच्या किडन्या गेल्या तेव्हा आठवड्यातून तीनदा सोलापूरला जावं लागायचं. रक्त धुऊन घ्यायला. एकदा पावसाने रस्ता तुंबला आणि ते वैरागच्या पुढे एसटीतच गेले. इंद्रजित तेव्हा पुण्यात नोकरीला होता. नोकरी सोडून तो घरी आला आणि त्याच्यासारखेच आणखी पाच-सहाजण जमवून त्याने घरात बसवता येईल असं मशीन केलं. त्याचे नकाशे, त्यातला प्रोग्राम, सगळं मोकळं ठेवलं. कुणीही घ्यावं, उघडून बघावं, सुधारावं आणि पुढच्याला द्यावं. मालक कुणीच नाही. गावोगावच्या फॅब्रिकेशनवाल्यांनी झाऱ्या बनवल्या. माझी धाकटी बहीण शालन हिच्या किडन्या गेल्या तेव्हा तिला सोलापूर बघावं लागलं नाही. बार्शीची पहिली झारी तिच्या उशाशी लागली.

हे मशीन करतं काय, ते इंद्रजितने मला एकदा चहाच्या गाळणीवर समजावून सांगितलं होतं. एका अतिशय बारीक भोकांच्या पडद्याच्या अलीकडून रक्त वाहतं, पलीकडून पाणी. रक्तातली घाण भोकांतून पाण्यात उतरते, रक्त धुतलं जातं, परत अंगात जातं. सोपं वाटतं. पण भोकांना अलीकडचं-पलीकडचं कळत नाही. रक्तातली घाण पाण्यात जाते तशी पाण्यातली घाण रक्तातही येते. धडधाकट माणूस दिवसाला दोन-तीन लिटर पाणी पितो आणि ते पोटातून, आतड्यांतून गाळून रक्तात जातं. झारीवरच्या माणसाच्या रक्ताला आठवड्यात शंभर-सव्वाशे लिटर पाणी शिवून जातं, आणि मध्ये फक्त तो पडदा. म्हणून पाणी आधी कोळशातून, मग बारीक गाळणीतून काढायचं. नळाच्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीन टाकतात, ते कोळसा धरतो. एक कागदाची पट्टी बुडवायची. तिला रंग चढला नाही, कोरी राहिली, तर क्लोरीन गेलं. मशीनलाही एक जीभ होती. तिलाही तेच चाखता यायचं, आणि पाणी बरं लागलं की हिरवा दिवा लागायचा.

तोवर मला सही येत होती, वाचता येत नव्हतं. शालनच्या उशाशी बसून झारीच्या पडद्यावरचे शब्द मी आधी चित्रासारखे ओळखायला लागले. 'थांबा' हा पहिला. मग वाचायला लागले, आणि वाचता यायला लागल्यावर लिहायचीही हौस आली. पाणवठ्यावर मी लिहायला लागले तेव्हा माझ्या वेलांट्यांना लोक हसायचे, पण वाचायचे.

पाणवठ्याची मांडणी पाण्यावर होती. दुसरीकडे अशा जागा मशीनच्या भागांप्रमाणे लावतात म्हणे, पंपाचे प्रश्न इकडे, नळीचे तिकडे. आमच्याकडे बोअरवाले एका बाजूला बसायचे, टँकरवाले एका बाजूला, नळाच्या एकेका योजनेचे लोक आपापल्या जागी. ज्याचं पाणी एक त्याचं दुखणं एक, असं आमचं म्हणणं. परंड्याच्या बाजूच्या दोन टँकरवाल्यांनी एकदा एकाच दिवशी मळमळतंय म्हणून लिहिलं. तिसऱ्याने वाचलं आणि लिहिलं, "आमच्या टँकरवाल्यानं विहीर बदलली." झालं. त्या टँकरच्या सगळ्या झाऱ्या तासाभरात बंद. कुणी डॉक्टर लागला नाही की इंजिनिअर. एका जागी बसल्यामुळे एकमेकांचं दिसत होतं, एवढंच.

आणखी एक रीत होती. प्रश्न विचारणारा परत येऊन "चाललं" म्हणेपर्यंत प्रश्न उघडा ठेवायचा. आला नाही तर फोन करायचा. सगळ्यांचे नंबर सगळ्यांकडे होते.

पुढे शालनच्या लेकीला, तेजूला, सौर पट्ट्यांच्या कारखान्यात नोकरी लागली. कारखाना धाराशिवच्या पलीकडे माळावर. तिथल्या वसाहतीत ती आईला घेऊन गेली, झारीसकट. तिथे चौदागाव योजनेचं नळाचं पाणी होतं. हनीफचंही पाणी तेच. त्याचं गाव त्याच नळाच्या अलीकडच्या टोकाला. मीच पाणवठ्यावर लिहून दिलं होतं, चौदागावच्या पाण्याला एक कोळसा पुरतो.

*

झाऱ्या वाढल्या. आधी आपल्या जिल्ह्यात, मग राज्यात, मग बाहेर. पाणवठ्यावर गर्दी व्हायला लागली. कपाटावरचा डबा तापायचा. इंद्रजितचे केस पांढरे झाले. जेवताना त्याचा डावा हात मोबाईलवर असायचा. त्याची बायको आधी बोलली, मग रडली, मग माहेरी गेली आणि आलीच नाही.

एका रविवारी त्याने सगळ्यांना बोलावलं. काहीजण घरी आले, बाकीचे पडद्यावर. इंद्रजित म्हणाला, "आपण प्रश्नोत्तरं उत्तरपेठेवर हलवू या."

उत्तरपेठ म्हणजे जगभर चालणारी मोठी जागा. प्रत्येक भाषेत तिचं नाव वेगळं, पण जागा एकच. स्वयंपाकापासून विमानापर्यंत कसलाही प्रश्न टाका, लोक उत्तरं देतात, चांगल्या उत्तराला मतं देतात. सगळ्यावर एक यंत्र देखरेख करतं. त्याला संपादक म्हणतात. ते भाषांतर करतं, फाफटपसारा काढतं, आणि एकच प्रश्न दोनदा आला तर दुसरा बंद करून पहिल्याकडे बोट दाखवतं.

"तिथं रोज कोटभर माणसं येतात," इंद्रजित म्हणाला. "आपला पाणवठा शोधूनही सापडत नाही कुणाला. परवा त्या नांदेडच्या पंपाचं कुणाला कळत नव्हतं. मी तिथं टाकलं. आफ्रिकेतल्या एका बाईनं जेवायच्या आत उत्तर दिलं. जेवायच्या आत!"

ते खरं होतं. मी स्वतः वाचलं होतं.

"आणि तिथली उत्तरं कायमची राहतात. इथं लाईट गेली की लोकांचे जीव टांगणीला. हा डबा एक दिवस जळणार आहे, आई. मग?"

"दुसरा आणू."

"कोण सांभाळणार? मी? मला झारी सुधारायची आहे. तिची जीभ सुधारायची आहे. वर्ष झालं, हात लावता आला नाही. दिवसभर तीच तीच उत्तरं. तू सांग, कोळसा किती लागतो याचं उत्तर तू किती वेळा लिहिलंस?"

"जितक्या वेळा कुणी विचारलं तितक्या वेळा."

"तेच म्हणतोय मी!"

"मीही तेच म्हणतेय."

पडद्यावरची माणसं हसली. इंद्रजितही हसला, पण थकून.

हनीफ पडद्यावर होता. हातात सुई लावलेली, शेजारी झारी घरघरत होती. तो म्हणाला, "इंदरभाऊ, दुकान बाजारात हलवा, माझी ना नाही. पण बाजारातला माणूस सौदा करून जातो. तब्येत कशी म्हणून विचारायला येत नाही."

"हनीफभाई, तिथंही माणसंच आहेत."

"असतील की. आमचं पाणी पिणारी नाहीत."

मी विचारलं, "तिथं पाण्याप्रमाणे बसता येईल का?"

इंद्रजित म्हणाला, "खुणा लावता येतात प्रश्नाला. पाण्याच्या खुणा मागून घेऊ."

हात वर झाले. बहुतेकांचे वर होते. तरुण पोरांना तर कधीच जायचं होतं. पाणवठ्यावर काही विचारलं की म्हातारी माणसं आधी गाव विचारतात, याची त्यांना लाज वाटायची. इंद्रजितने आमचं सगळं जुनं लिखाण उत्तरपेठेला देऊन टाकलं. मोकळं होतं, द्यायला कुणाची हरकत असणार? पाणवठ्यावर एक पाटी लावली, 'यापुढे प्रश्न तिकडे विचारावेत.' लोकांचे नंबर मात्र तिकडे देता येईनात. खाजगी माहिती तिथे चालत नाही.

पाण्याच्या खुणा मागितल्या, त्या मिळाल्या नाहीत. 'स्थानिक स्वरूपाच्या असल्याने जगभरच्या वाचकांना उपयोगी नाहीत,' असं उत्तर आलं.

मी तिकडे गेले. कुणीतरी लिहिलं होतं, पाणी गढूळ दिसतंय. मी खाली लिहिलं, "पाणी कुठलं?" थोड्या वेळाने बघते तर माझं लिहिलेलं नाही. त्या जागी एक ओळ होती, 'हा मजकूर उत्तर नसल्याने काढण्यात आला आहे.'

इंद्रजित म्हणाला, "आई, तिथं थेट उत्तर द्यायचं असतं."

"प्रश्न कळल्याशिवाय?"

"प्रश्न लिहिलेला असतो ना."

मी पुन्हा दोन-चारदा लिहिलं, दोन-चारदा निघालं. मग तिथे जाणं सोडलं. त्या वर्षी इंद्रजितला वेळ मिळाला. रात्री झोपायला लागला. झारीचा अक्षरांचा पडदा सुधारला, आवाज कमी केला. मी त्याला काही बोलले नाही. आईला मुलाचा चेहरा दिसतो.

*

उन्हाळा लागला तेव्हा शालन फोनवर म्हणाली, "अक्का, दम लागतो गं हल्ली. जिना चढवत नाही."

"दिवा कोणता आहे?"

"हिरवा."

"पट्टी?"

"कोरी."

"कोळसा बदलला का?"

"तेजू वेळच्या वेळी बदलते. तुझ्यावर गेलीय ती. मला फरशीवर ओल्या पायानं चालू देत नाही."

"पाणी?"

"तेच की. नळाचं. आणि ऊन किती आहे इथं, माळच सगळा. तू ये एकदा, कैरीचं लोणचं घालायचं आहे. माझ्या हातात जोर नाही."

येते म्हणाले. नळ तोच, दिवा हिरवा, ऊन खरंच फार. हेच पाणवठ्यावर लिहिलं गेलं असतं तर चौदागावच्या जागी बसलेल्यांनी वाचलं असतं. फोनवर मी एकटी होते.

पुढच्या आठवड्यात तेजूचा फोन आला. आवाज चिरका. "मावशी, आईचं रक्त वेगळंच दिसतंय नळीत. तपकिरी. चहासारखं. दिवा तर हिरवाच आहे."

"बंद कर. आधी मशीन बंद कर. दवाखान्यात ने."

मी आणि इंद्रजित निघालो. धाराशिवच्या दवाखान्यात पोहोचलो तेव्हा शालनचे ओठ निळे-काळे पडले होते. तिने मला ओळखलं. "लोणचं राहिलं," म्हणाली. तरुण डॉक्टर होता, घामाने भिजलेला. त्याने रक्ताची नळी उजेडात धरली, आणि आमच्याकडे वळून पहिला प्रश्न विचारला.

"पाणी कुठलं वापरता?"

इंद्रजित भिंतीला टेकला.

शालन दुसऱ्या दिवशी गेली.

*

तेजूच्या घरचं पाणी इंद्रजितने बाटलीत घेतलं. नेहमीची पट्टी बुडवली, कोरी. मग दवाखान्यातून आणलेली दुसऱ्या जातीची पट्टी बुडवली. ती बघता बघता गडद झाली.

नळाचं पाणी लांब जातं तसं त्यातलं क्लोरीन वाटेत उडून जातं. चौदागावचे नळ वसाहतीपर्यंत वाढवले, तेव्हा टोकापर्यंत औषध टिकेना. म्हणून पाडव्यापासून योजनेवाल्यांनी क्लोरीनमध्ये अमोनिया मिसळायला सुरुवात केली होती. त्याचं क्लोरामाईन होतं. ते टिकतं. पिणाऱ्याला त्याने काही होत नाही, कारण पोटात ते मोडून जातं. पण रक्ताला थेट भेटलं तर लाल पेशी फोडतं. रक्त अंगात फिरत राहतं, श्वास वाहून नेत नाही. कोळसा त्याला धरतो, पण सावकाश. एका कोळशातून पाणी भरभर जातं तेवढ्यात ते निसटतं. दोन कोळसे एकापुढे एक लागतात. नेहमीच्या पट्टीला ते दिसत नाही. झारीच्या जिभेलाही चव कळत नाही. ती जीभ इंद्रजितला सुधारायची होती, पण आधी त्याने पडदा आणि आवाज हाती घेतला होता.

योजनेच्या कार्यालयात बदलाची नोटीस लावलेली होती. रीतसर, शिक्क्यासह. कारखान्यात कामाला जाणारी पोर ती कशाला वाचायला जाईल?

तेजू भिंतीकडे तोंड करून बसली होती. इंद्रजित तिच्याजवळ गेला. "तेजू, दम लागतोय म्हणून कुणाला विचारलं नाहीस का गं?"

ती वळली. "विचारलं ना. तूच सांगितलं होतंस, दादा, तिकडे विचारा. तिकडेच विचारलं."

तिने मोबाईल त्याच्या हातात दिला.

प्रश्न नीट लिहिलेला होता. 'झारीवर आईला दम लागतो. हिरवा दिवा आहे, पट्टी कोरी आहे. चौदागाव योजनेचं पाणी आहे. काय करू?' तिने पाणी लिहिलं होतं. न विचारता लिहिलं होतं. पाणवठ्याच्या घरातली पोर ती.

त्यातली पाण्याची ओळ संपादकाने काढून टाकली होती. खाली लिहिलं होतं, 'हा प्रश्न आधी विचारला गेला आहे. उत्तर येथे पाहा.' आणि प्रश्न बंद.

इंद्रजितने ते उत्तर उघडलं. त्याला हजारो मतं होती, निरनिराळ्या देशांतली. 'एक कोळसा पुरतो. पट्टी कोरी असेल तर पाणी स्वच्छ समजावे. उन्हाळ्यात थकवा येतो.'

मी वाचलं. सावकाश वाचते मी, म्हणून शब्द अंगात उतरतात. मला ते शब्द ओळखीचे वाटले.

"हे कुणी लिहिलंय रे?"

इंद्रजितने संपादकाने हात लावण्याआधीचं रूप उघडलं. मग मोबाईल माझ्यापुढे धरला. वेलांट्या चुकलेल्या होत्या.

'चौदागावच्या पाण्याला एक कोळसा पुरतो, आज तरी. पट्टी कोरी असेल तर पाणी स्वच्छ समजा, पण पाणी बदललं असं कुणाला वाटलं तर इथं ओरडा, सगळे थांबू. उन्हाळ्यात थकवा येतो, पण शेजारच्या झारीवाल्यालाही आला का ते विचारा. छबूमावशी.'

शेजारी बारीक अक्षरात नोंद होती, 'अनावश्यक संभाषण व नाव काढले. भाषा सुधारली.'

तेजूने विचारलं, "काय आहे?"

तिने मोबाईल ओढून घेतला, वाचला, आणि खाली ठेवून आत निघून गेली.

*

इंद्रजितने मग चौदागावचा शोध घेतला. उत्तरपेठेवर पाण्याप्रमाणे शोधता येत नाही, म्हणून त्याने बंद केलेले प्रश्न एकेक करून उघडले आणि मूळ रूपं वाचली. दम लागण्याचे आणखी तीन सापडले, तीनही त्याच महिन्यातले, चौदागावचे. तीनही वेगवेगळे बंद केलेले, आणि तीनही माझ्याच उत्तराकडे पाठवलेले. एकाला दुसरा माहीत नव्हता.

एक हनीफचा होता.

त्याचा नंबर माझ्याकडे होता. फोन त्याच्या बायकोने उचलला. "रशिदाभाभी, हनीफभाई कुठंत?"

"मशीनवर बसतायत आत्ताच. जरा दम लागतोय त्यांना, म्हणून म्हटलं लवकर करून घ्या."

"सुई लावू नका! बंद करा! पाणी बदललंय!"

पलीकडे भांडं पडल्याचा आवाज आला. मग हनीफचा आवाज, धापा टाकत. "मावशी, वर्ष झालं. आज आठवण आली व्हय?"

तो वाचला. धाराशिवला नेऊन रक्त चढवलं.

बाकी दोघांची नावं नव्हती, नुसते आकडे होते. उत्तरपेठेकडे मागितली तर खाजगी माहिती देता येत नाही म्हणाले. आम्ही जीप घेऊन गावोगाव फिरलो. किराणा दुकानात, चक्कीवर, देवळापुढे विचारत फिरलो, झारी कुणाकडं आहे? एका गावात शिंप्याने बोट दाखवलं. ती बाई सापडली, चालती-फिरती होती, घरी चहा पाजला. शेवटच्या गावात एका घराला कुलूप होतं. ओट्यावर कोळशाचं नवंकोरं नळकांडं पडलेलं, वेष्टनही न काढलेलं. शेजारीण म्हणाली, "सोमवारी नेलं त्यांना. लेक लातूरला असतो, तो आला होता." जिवंत नेलं की कसं, ते तिने सांगितलं नाही आणि इंद्रजितला विचारवलं नाही. मीच विचारलं, जिवंत होते का? तिने नाही म्हणून मान हलवली.

परत येताना जीपमध्ये इंद्रजित म्हणाला, "आई, काहीतरी बोल."

मी म्हणाले, "काय बोलू? तुझं चुकलं म्हणू? तुझी झोप मी पाहिली होती. तू झोपावंस असं मलाही वाटत होतं."

त्याने जीप बाजूला घेतली आणि थांबवली. माळावर सौर पट्ट्या चमकत होत्या, डोळे दुखतील अशा.

*

इंद्रजितने उत्तरपेठेवर उत्तर दुरुस्त करायला घेतलं. 'एका गावाची अडचण सर्वांच्या उत्तरात घालता येणार नाही,' म्हणून दुरुस्ती परत आली. मग त्याने वेगळं उत्तर लिहिलं, क्लोरामाईनचं, नीट, आकृत्या काढून. ते आहे तिथे. हजारो मतांच्या उत्तराखाली आहे. खालपर्यंत जाणारा वाचतो.

झारीची जीभ त्याने सुधारली. पण गावोगाव विखुरलेल्या झाऱ्यांची जीभ कोण बदलणार? ज्याला कळलं त्याने बदलली. मोकळी वस्तू आहे, कुणावर सक्ती करता येत नाही.

पाणवठा त्याने पुन्हा उघडला. नवा डबा आणला, लाईट गेली तरी चालेल असा. पाटी काढली. जुनं लिखाण त्याने ठेवलं होतं, ते परत लावलं, पाण्याप्रमाणे. बोअरची जागा, टँकरची जागा, चौदागावची जागा. सगळं पहिल्यासारखं.

माणसं आली नाहीत. जुनी पाच-सात आली, तीही माझ्यासाठी. नव्यांना एकाच ठिकाणी सगळं मिळायची सवय झालेली. हनीफ रोज सकाळी चौदागावच्या जागी एक ओळ लिहितो, "आज दोन्ही पट्ट्या कोऱ्या. तब्येत बरी." त्याच्या खाली मी लिहिते, "वाचलं." तेजू येत नाही. तिने आईची झारी कुणाला दिली ते मला सांगितलेलं नाही. माझा फोन उचलते, जेवलीस का म्हटलं की हो म्हणते.

काल दुपारी मी उघडलं तर एक नवा प्रश्न होता. मला चष्मा सापडेना, इंद्रजितने शोधून दिला. कुणा शर्वरीने लिहिलं होतं, 'बाबांना झारीवर दोन दिवस दम लागतोय. दिवा हिरवा आहे. काय करावं?'

मी लगेच लिहिलं, "बाळ, आत्ताच्या आत्ता मशीन थांबव. पाणी कुठलं?"

इंद्रजित माझ्या खांद्यामागे उभा राहिला. आम्ही वाट बघत होतो. मग तिची ओळ आली.

'राहू द्या मावशी, तिकडेही टाकला होता. तिथं लगेच उत्तर मिळालं. थँक यू.'

मी लिहिलं, "ते उत्तर मीच लिहिलंय. ते अर्धं आहे. पाणी कुठलं? फोन नंबर दे."

ते तिने वाचलं नाही. ती गेली होती.

"गाव काही लिहिलंय का?" इंद्रजितने विचारलं.

मी पुन्हा वर जाऊन पहिल्यापासून वाचलं, एकेक अक्षर करून. नाव लिहिलं होतं. पाणी लिहिलं नव्हतं.